भाता

चाळीस वर्षं मी पेट्या दुरुस्त करतोय,
अंबाजोगाईत, मंडीबाजाराच्या मागच्या बोळात.
मासे मी खातसुद्धा नाही.

पण भाचीनं, सुलक्षणानं, गच्चीवर हौद मांडले.
खाली तिलापिया,
वर पुरुषभर उंच मांडणीवर खडीचे वाफे:
पालक, आंबटचुका, कडेला पुदिना.
माशांची घाण झाडं खातात,
झाडांनी गाळलेलं पाणी माशांना परत मिळतं.
माती नाही, खताचं पोतं नाही.
"आणि वीज?" मी विचारलं.
जावई हसला. म्हणाला,
बिल उशाखाली ठेवून झोपते ती.

एप्रिलात, रात्री अडीचला, लाईट गेली.
हाक आली तसा मी अनवाणीच जिना चढलो.
बॅटरीच्या उजेडात सगळे मासे वर आलेले,
तोंडं पाण्याच्या कातडीला लावून
उघडमीट, उघडमीट,
जणू पट्ट्या दाबतंय कुणी
आणि आत सूरच बसवलेले नाहीत.

आम्ही तांब्यानं पाणी उचललं, हातभर वरून सोडलं.
उचललं, सोडलं.
धार पडे तिथं मासे गोळा होत.
नळकांडं वाकवून सोडलेली बारीक धार त्यांना जास्त आवडे,
का, ते तेव्हा कळलं नाही, खांदे भरून आले होते.
फटफटलं तेव्हा अकरा मेलेले.
सुलक्षणानं ते मोजले, मोठ्यानं,
आणि आंबटचुक्याच्या मुळाशी पुरायला माती नाही
हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

पेटी हातात आली की मी आधी भाता भरतो,
एकही पट्टी न दाबता ऐकत बसतो.
हवा कुठून तरी निघून जात असते.
तिच्यामागं गाणाऱ्याचा हात दुखतो
आणि दोष गळ्याला लागतो.
तसाच कान मी हवेच्या नळीला लावला.
तीन जोड, तिन्ही गळके.
भात्याचं मऊ कातडं कापून वायसर घातले.
पंपाचा कण्हण्याचा आवाज निम्मा झाला.

मोटरी भरणारा खय्यूम आला, वर-खाली बघितलं.
"मामू, ही मोटर हिरीची हाय.
हौदात कशाला कोंडायलाव तिला?"
वाफे त्यानं मांडणीवरून उतरवले,
हौदाच्या काठाला लावले. चढण वीतभर उरली.
मोटर खांद्यावर टाकून नेली,
तिच्या जागी साबणाच्या डबीएवढा पंप, अठरा वॅटचा,
स्कूटरची जुनी बॅटरी, पत्र्यावर एक सौर पाटी.
उभ्या पाइपात बुडाशी हवा सोडली.
बुडबुडे चढले ते पाणी खांद्यावर घेऊनच.
एकाच फुंकरीत पाणी वर गेलं आणि हवाही मुरली;
इतकी काटकसर मी फक्त आईच्या चुलीपाशी पाहिली होती.

उतरताना पाणी तेलाच्या डब्याच्या पत्र्यावरून पडतं.
सव्वाशे भोकं मी स्वतः पाडली, दोन सुती खिळ्यानं.
पडायला वीज लागत नाही.

मे महिन्यात पाणी तापतं, तापलं की हवा धरत नाही.
हिरवी जाळी बांधली. संध्याकाळचा दाणा बंद केला,
पोट भरलेला मासा रात्री जास्त श्वास मागतो.

लाईट अजून जाते. सुलक्षणा उठत नाही.
मी उठतो, सवयीनं, अडीचला,
आणि बोळापलीकडून ऐकतो:
वाफा भरत येतो, भरत येतो, काठाशी थबकतो,
मग वाकडी नळी सगळं एकदम ओढून घेते
आणि शेवटी एक मोठा घोट, हवेचा.
अकरा मिनिटांनी पुन्हा.
कधी बारा.

परवा घाटनांदूरचे बुवा आले, पेटी झाली का विचारायला.
झाली नव्हती. उघडी पडली होती तीन दिवस.
त्यांना गच्चीवर नेलं, म्हटलं, ऐका.
ते डोळे मिटून उभे राहिले, घोट येईपर्यंत.
"काळी दोन?"
असेल, मी म्हणालो.
दुपारी जरा उतरते.